दंड पाहणारे नारोपंत

नारोपंत कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्यानं हात जोडले की ते त्यातला एक हात मध्येच पकडत, बाही खांद्यापर्यंत वर सारत आणि दंडावर वाकून बघत. देवी काढल्याचे वण दिसले तर "आहेत" म्हणत, नाही दिसले तर "नाहीत." मग हात सोडून अगदी प्रेमानं विचारत, "बसा. पाणी देऊ?"

कल्याणात नव्यानं आलेल्या माणसाला हे ठाऊक नसे. एका लग्नात सीमांतपूजनाच्या वेळी नारोपंत पुढे झाले आणि त्यांनी थेट नवरदेवाच्या दंडाला हात घातला. दंडात सोन्याची वाकी होती. मुलीकडच्यांना वाटलं, हे मुलाकडचे कुणी वडीलधारे. मुलाकडच्यांना वाटलं, हे मुलीकडचे, आणि वाकी अस्सल आहे की मुलाम्याची ते तपासताहेत. दोन्हीकडची तोंडं फुगली. नारोपंतांनी वाकी थोडी वर सरकवली, पाहिलं आणि म्हणाले, "चारही आहेत. मुलगी द्यायला हरकत नाही."

देवी काढणं म्हणजे काय, हे आता पोरासोरांनाही माहीत आहे. त्या काळी सांगावं लागे. एका मुलाच्या दंडावर चार ठिकाणी नस्तरानं बारीक ओरखडे काढायचे आणि त्यात लस भरायची. आठव्या दिवशी तिथे फोड पिकतो. त्या फोडातलं पाणी घेऊन पुढच्या मुलाला टोचायचं, त्याच्यावरून त्याच्या पुढच्या. फोड सुकला की वण राहतो, आणि तो वण ज्याच्या दंडावर आहे त्याला देवीचा रोग सहसा गाठत नाही. सहसा म्हणजे किती, हाच तर नारोपंतांचा ध्यास होता.

ते मूळचे जमीनमोजणी खात्यातले. तीस वर्षं साखळ्या ओढून पेन्शनीत निघाले आणि पारनाक्याजवळ दोन खोल्यांत एकटे राहिले. मोजणीची सवय काही सुटली नव्हती. छत्रीच्या दांड्यावर त्यांनी फूट-इंचांच्या खुणा कोरून घेतल्या होत्या आणि छत्री उघडलेली मी एकदाही पाहिली नाही, पावसातसुद्धा. ओटा, चूल, म्हशीचं शिंग, जे दिसेल त्याला छत्री लावून बघायचे.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे एक प्रश्न: "पाहिलंत की ऐकलंत?" कुणी काहीही सांगो, नारोपंतांचा प्रश्न ठरलेला. मानपाड्याच्या रानात वाघ आल्याची हूल उठली तेव्हा सारा गाव संध्याकाळी दारं लावून बसू लागला. नारोपंतांनी सांगणाऱ्या सोळा जणांना प्रश्न विचारला. सोळाही जणांनी ऐकलं होतं. मग हे गृहस्थ सकाळी छत्री घेऊन मानपाड्याला चालत गेले आणि दुपारी परत आले. "पिवळं वासरू आहे," म्हणाले, "पावणेतीन फूट." पुढे कितीतरी वर्षं त्या वासराला, त्याचा बैल झाल्यावरही, लोक पंतांचा वाघ म्हणत. एकदा मामलेदार वारल्याची बातमी आली. आम्ही कचेरीतली मंडळी लांब चेहरे करून त्यांच्या घरी काय बोलायचं याची तयारी करत होतो. नारोपंत एकटे बघायला गेले. मामलेदार ओसरीवर ताक पीत बसले होते. ऐकणाऱ्यांपैकी बघायला आलेले आपण पहिले, असं नारोपंतांनी त्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं म्हणे.

हे "म्हणे" त्यांना चालायचं नाही. असो.

लोकांनी त्यांच्या या वेडाला एक कारणही शोधून ठेवलं होतं. बिचाऱ्याची पोरं देवीत गेली असणार. बायका हळहळायच्या, मीही हळहळायचो. शेवटी एकदा धीर करून मी विचारलं, तेव्हा ते माझ्याकडे नवलानं बघत म्हणाले, "मला मूलच झालं नाही हो. कुणी सांगितलं तुम्हाला?" बायको लग्नानंतर दोन वर्षांनी पोटदुखीनं गेली होती. पोटदुखीचा आणि देवीचा काही संबंध नाही, एवढंही त्यांनी मला समजावून सांगितलं.

मग हे सुरू कशानं झालं? ठाण्याच्या डॉक्टरसाहेबांच्या एका वाक्यानं. हे साहेब जिल्ह्याच्या औषधपाण्याचे मुख्य. त्या वेळी आमच्याकडे देवी काढणारा वर्षातून एकदाच, पौषात यायचा, आठ-दहा दिवस देवळाच्या पडवीत बसायचा आणि निघून जायचा. गावाला कायमचा देवी काढणारा मिळावा आणि दंडावर वण नसलेल्या मुलाला शाळेत घेऊ नये, असा अर्ज नारोपंतांनी केला. साहेब म्हणाले, लोक सांगतात काढूनही देवी येतात आणि न काढताही येत नाहीत. मी कुणाचं खरं धरू? एका गावाचा, घरोघर पाहिलेला दाखला आणा, मग बघतो. पाहिलेला हा शब्द नारोपंतांना साहेबाच्या तोंडून ऐकायला मिळाला आणि गडी त्यातच धन्य झाला.

त्यांनी कल्याणचा नकाशा काढला. प्रत्येक घर म्हणजे एक चौकोन, प्रत्येक मूल म्हणजे एक ठिपका. वण असला तर तांबडा, नसला तर काळा. ज्या मुलाला देवी आल्या त्याच्या ठिपक्याभोवती गोल, जे गेलं त्याच्यावर फुली. एका दृष्टीत सारं कळावं, अशी ती युक्ती होती. गावात मात्र वेगळंच कळलं. डोईपट्टी, म्हणजे माणशी कर, बसणार म्हणून परटानं सहांतली चार पोरं भट्टीमागे लपवली. सरकार पोरामागे काहीतरी वाटणार म्हणून सोनारानं शेजाऱ्यांची दोन आणून आपली म्हणून उभी केली. नारोपंतांनी दोन्ही घरांत तीन-तीन खेपा घातल्या. पडदा पाळणाऱ्या घरातल्या मुलींचे दंड त्यांना पाहता येत नसत. तिथे आई आतून सांगायची आणि हे अर्धाच ठिपका काढायचे. अर्धा म्हणजे ऐकीव. त्यांच्या नकाशावर पूर्ण ठिपका फक्त डोळ्यांनी पाहिलेल्याला.

या सगळ्यात मी कोण? मी कचेरीतला कारकून, वामन. गावच्या सुधारणेसाठी पंचांची एक कमिटी होती, तिच्या सभेचं कामकाज मी लिहीत असे. नारोपंतांचं अक्षर किडामुंगीसारखं, म्हणून त्यांचे अर्ज आणि तक्ते सुवाच्य लिहून द्यायचं कामही माझ्याकडे. आठवड्यातून तीन संध्याकाळी मी त्यांच्याकडे जात असे. ते पोहे करायचे, छत्रीनं माझी उंची मोजून पाहायचे (मी दरवेळी तेवढाच भरायचो), आणि आम्ही कामाला बसायचो. माझ्याइतका शहाणा माणूस गावात दुसरा नाही, असं त्यांचं मत होतं. मला ते खरं वाटायचं.

मी देवी काढण्यावर एक भाषणही दिलं होतं. वाचनालयाच्या खोलीत, पन्नासेक माणसांसमोर. अडाणी समजुती, सुधारलेले देश, प्रत्यक्ष प्रमाण, काय काय बोललो. टाळ्या पडल्या. नारोपंत पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. त्या टाळ्या आठवल्या की आजही मला खाली बघावंसं वाटतं.

त्यानंतर आठवड्याभरानं पौषातला देवी काढणारा आला. मी माझ्या विनूला कडेवर घेऊन देवळाच्या पडवीत गेलो. विनू तीन वर्षांचा होता. भाषण दिलेल्या माणसानं पहिल्यांदा आपलं मूल न्यायला हवं होतं, म्हणून गेलो. चार ओळखीची माणसं तिथे ओट्यावर बसली होती. देवी काढणाऱ्यासमोर खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. पोर गुटगुटीत. त्याच्या दंडावरचा फोड छान पिकला होता आणि त्यातलंच पाणी विनूला टोचायचं होतं.

माझे पाय तिथेच थबकले. या पोराचं पाणी माझ्या पोराच्या अंगात जाणार, हे ओट्यावरची चार माणसं बघणार, घरी आईला कळणार. आई विचारेल, कुणाचं होतं रे? मी काय सांगू? प्रत्यक्ष प्रमाण आणि सुधारलेले देश त्या पडवीत कुठे गेले कोण जाणे. त्या बाईला वाटलं, मी फोड कच्चा आहे म्हणून थांबलो. ती म्हणाली, "घ्या ना, माजे पोराचा लय चांगला पिकलाय." मी मागे सरकलो. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिनं पदर ओढून पोराचा दंड झाकला.

मी देवी काढणाऱ्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, याला जरा कणकण आहे, पुढच्या खेपेला बघू, पण नाव लिहून टाका. त्यालाही वरती जास्त नावं दाखवायची होती. त्यानं विनूचं नाव लिहिलं आणि नावापुढे "काढल्या" असा शेरा मारला. ओट्यावरच्यांना म्हणालो, उद्या परत आणतो. इतकं सोपं होतं ते. घरी येताना विनूला मी एक चिंचेची गोळी दिली.

फाल्गुनात गावात देवी आल्या. आमच्या दारालाही कडुलिंबाचा पाला लागला. घरात फोडणी बंद झाली, बोलणं दबक्या आवाजात सुरू झालं. आई पोराला नावानं हाक मारेना, कारण अंगात देवी असताना नावानं बोलवायचं नसतं. विनूच्या अंगावर तीळ ठेवायला जागा नव्हती. माझी बायको मथुरा उशाशी बसून लिंबाच्या डहाळीनं माश्या हाकायची. तिलाही मी देवी काढल्या असंच सांगितलं होतं, आणि दंडावर काही दिसत नाही म्हणाली तेव्हा कधीकधी फोड उठत नाही असं ठोकून दिलं होतं. ती एकदा मला म्हणाली, "मग हे असं कसं झालं हो?" मी पंचांगात तोंड घातलं.

पाचव्या दिवशी नारोपंत आले. देवी असलेल्या घरात बाहेरच्यानं आत जायचं नसतं, म्हणून अंगणातच उभे राहिले. छत्री दाराबाहेर, नकाशा काखेत. चेहरा उतरलेला. पहिल्यांदा विनू काय खातो, झोपतो का, हे सगळं विचारलं. मग म्हणाले, "वामनराव, विचारू नये अशा वेळी. पण त्याला काढल्या होत्या ना?"

आत मथुरा ऐकत होती. आई ऐकत होती. मी म्हणालो, "हो तर. वहीत नाव आहे की."

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. गावात राजापासून रंकापर्यंत ज्याला त्याला जो प्रश्न विचारला, तो मला नाही. तिथेच ओट्याच्या कडेवर नकाशा पसरून त्यांनी माझ्या घराच्या चौकोनात तांबडा ठिपका काढला. पुरा, अर्धा नव्हे. त्याच्याभोवती गोल केला आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिले.

विनू वाचला. डाव्या डोळ्यात फूल पडलं, चेहरा चाळणीसारखा झाला, पण वाचला. देवीची बोळवण झाली त्या दिवशी मी देवापुढे खूप वेळ बसलो. देवाला तरी खरं सांगावं असं मनात आलं होतं, तेही जमलं नाही.

वैशाखात डॉक्टरसाहेब ठाण्याहून आले. कमिटीची सभा भरली. नारोपंतांनी धुतलेलं उपरणं घेतलं होतं. नकाशा मोठ्या मेजावर पसरला आणि सगळे मेजाभोवती गोळा झाले. काळ्या ठिपक्यांच्या आळ्यांमध्ये गोल आणि फुल्या, तांबड्या ठिपक्यांच्या आळ्या स्वच्छ. साहेब नकाशावर वाकून बराच वेळ बघत होते. त्यांनी नारोपंतांना खुर्ची द्यायला सांगितली. मी कोपऱ्यात बसून कामकाज लिहीत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, सुटलो, एवढ्या ठिपक्यांत एक कुणाला दिसणार.

मग एक शेट बोलले. ते कमिटीतले वजनदार पंच, आणि वण नसलेल्या मुलाला शाळा बंद हा नियम त्यांना मुळीच नको होता. त्यांनी विचारलं, काढलेल्या एकाही मुलाला आल्या नाहीत, असं पंत छातीवर हात ठेवून सांगतील का? नारोपंत गप्प बसले असते तरी चाललं असतं. तो गोल दोन बोटांएवढाही नव्हता. पण ते उठले आणि त्यांनी आपणहून माझ्या घरावर बोट ठेवलं. "एकाला आल्या," ते म्हणाले. "आणि चांगल्याच आल्या. डोळा गेला."

सगळे माझ्याकडे वळले. साहेबांनी विचारलं, हे खरं का? काढल्याची खात्री आहे? मी उभा राहिलो. साहेबांबरोबर आलेला देवी काढणारा मागे भिंतीला टेकून उभा होता. माझी नोकरी, त्याची नोकरी, वाचनालयातलं भाषण, मथुरा, आई, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "होय साहेब." आणि बसून तेच कामकाजात लिहिलं: कारकून वामन यांनी आपल्या मुलास देवी काढल्या असूनही आल्याचे सांगितले. अक्षर नेहमीप्रमाणे सुवाच्य आलं.

शेटजींना एवढंच हवं होतं. कचेरीतल्या शिकल्यासवरल्या माणसाच्या मुलाची ही गत, तर लोकांवर सक्ती कशी करायची? साहेब म्हणाले, एकानं काही बिघडत नाही, पण पंचांची मनं तयार नसतील तर आणखी एक साल बघू. कायमचा देवी काढणारा मिळाला नाही. शाळेचा नियम झाला नाही. परतताना नारोपंत मला म्हणाले, तुम्ही उभं राहून सांगितलंत ते फार बरं केलंत, विरुद्ध जाणारं लपवणारी माणसंच जास्त. मी त्यांच्या हातातली छत्री घेतली, उगाच, काहीतरी हातात असावं म्हणून.

नारोपंतांच्या दोन खोल्यांना लागून एका कासाराचं दुकान होतं. त्याला सगुणा नावाची चार वर्षांची मुलगी होती. नारोपंत दिसले की ती "पंत आला, पंत आला" ओरडत दोन्ही दंडांवर हात आवळून पळायची आणि मग हळूच परत येऊन त्यांच्या ओसरीत बसायची. नारोपंतांच्या पोह्यांतले शेंगदाणे तिच्या वाटणीचे. नकाशावर तिचा ठिपका काळा होता.

पुढच्या पौषात देवी काढणारा आला तेव्हा मी बायकोच्या बांगड्यांसाठी कासाराकडे गेलो होतो. त्यानं विषय आपणहून काढला. पंत चार वेळा येऊन गेले, म्हणाला, पोरीला घेऊन जा म्हणून मागे लागलेत. "पण रावसाहेब, तुमच्या विनूला काढून पण आल्याच ना? मग आमच्या पोरीला कशाला सुरी लावायची?" सगुणा तिथेच खाली फुटक्या काचा रंगवार लावत बसली होती. कासार माझ्या तोंडाकडे बघत होता. मी हो म्हटलं असतं तर खोटं होतं, नाही म्हटलं असतं तर खरं बाहेर आलं असतं. मी म्हणालो, ज्याची त्याची इच्छा.

फाल्गुनात सगुणा गेली. नवव्या दिवशी, दुपारी.

नारोपंतांनी नवा कागद घेतला आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. त्यांचे गुडघे सुजले होते, जिना चढताना ते छत्रीवर भार देत. जुन्याच नकाशात भर घालता आली असती, असं मी सुचवलं, तर नको म्हणाले, यंदा प्रत्येक दंड नव्यानं पाहायचा. दीड महिना ते हिंडले. मग तो नकाशा माझ्याकडे पक्का करायला आला. मी तांबडी आणि काळी अशा दोन दौती घेऊन बसलो आणि एकेक आळी उतरवत आमच्या आळीत आलो. माझ्या चौकोनात विनूचा ठिपका होता. काळा.

नारोपंत चुलीपाशी पोहे परतत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी तो ठिपका उतरवला. ठिपका गोल आला. मग म्हणालो, "पंत, हा काळा..."

"श्रावणात तो माझ्या विहिरीवर अंघोळीला आला होता," ते मागे न वळता म्हणाले. "देवीचे व्रण आणि काढल्याचे वण, मला ओळखू येतात."

श्रावण म्हणजे आठ-नऊ महिने झाले होते. त्या महिन्यांत मी आठवड्यातून तीनदा इथे येत होतो, पोहे खात होतो. मी सगळं सांगितलं. पडवी, कोळीण, तिचा पदर, ओट्यावरची चार माणसं, वहीतला शेरा. ते पोहे परतत राहिले. मला वाटत होतं त्यांनी रागवावं, छत्री उगारावी. शेवटी मीच विचारलं, एवढं कळल्यावर तेव्हाच का बोलला नाहीत? साहेबांना लिहिलं असतंत तर पौषातच सगळं झालं असतं.

नारोपंतांनी कढई उतरवली. माझ्यासमोर बसले.

"बोललो असतो तर तुमची नोकरी गेली असती, असं मी मनाला सांगत होतो. ते खरं नाही. बोललो असतो तर तुम्ही इकडे यायचे बंद झाला असता. कामाशिवाय माझ्याकडे येणारं गावात दुसरं कोणी नाही, वामनराव. पोरगी होती एक, शेंगदाणे खायची." मग हातानंच पुढचं पुसून टाकलं. "त्या कासाराकडे चार वेळा गेलो. चारही वेळा त्यानं विनूचं नाव काढलं. मला ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही. तुम्ही भीतीनं गप्प बसलात, मी या पोह्यांसाठी."

त्या दिवशी मला कळलं की हा माणूस आठवड्यातले इतर चार दिवस माझ्या येण्याच्या दिवसांची वाट बघत काढत होता. दंड पाहण्याच्या निमित्तानं का होईना, माणसाचा हात हातात घेता येतो, हेही त्यात असेल. मी त्यांना हसलो होतो, त्यांच्या गोष्टी चारचौघांत रंगवून सांगितल्या होत्या. आत्ताही सांगतोच आहे.

मी म्हणालो, साहेबांना पत्र लिहून सगळं कबूल करतो. त्यांनी मान हलवली. नव्या नकाशात खरं आहे ते आहे, साहेबाचं काम त्यावर होईल. "साहेबाला सांगून काय? शेजारी सांगा. चला, मी येतो बरोबर."

आम्ही दोघं ओसरीवरून उतरलो. दहा पावलांची वाट. कासार दुकानात एकटाच बसून चुडे पुसत होता. आम्हाला बघून उठला आणि त्यानं नारोपंतांना बसायला पाट दिला. नारोपंत बसले नाहीत, माझ्याकडे बघत उभे राहिले. मी तोंड उघडलं. कासार म्हणाला, "काय देऊ रावसाहेब?" आणि मी म्हणालो, "हिरव्या बांगड्या द्या, एक डझन."

त्यानं कागदात बांधून दिल्या. नारोपंत कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले, तिथून परत फिरले. मथुरा म्हणाली, आहेत की हातभर, आणखी कशाला आणल्या?

त्या वैशाखात साहेबांनी नकाशा पाहिला. नकाशा यंदाच्या साथीपुरता होता, माझ्या चौकोनाकडे कुणी वळून पाहिलं नाही. या खेपेला गोल केलेला तांबडा ठिपका एकही नव्हता आणि शेटजींना बोलायला जागा राहिली नाही. कायमचा देवी काढणारा मंजूर झाला, शाळेचा नियमही झाला. गावानं सगळं श्रेय नारोपंतांना दिलं आणि थोडं मलाही, अक्षराबद्दल. नारोपंत आणखी पाच वर्षं जगले. मी त्यांच्याकडे जायचा थांबलो नाही. आधी तीन दिवस जायचो, नंतर रोज. त्या दुकानाबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी आलो की मात्र ते एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघत आणि मग पोह्यांना लागत.

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. विनूचं लग्न झालं. त्याची बायको चुडा भरायला त्याच कासाराकडे जाते. म्हातारा झालाय, पण हात अजून हलका आहे. तिचा हात दाबून बांगडी चढवताना तो दरवेळी म्हणतो, तुझा सासरा देवमाणूस, स्वतःच्या पोराचं दुखणं सभेत उभं राहून सांगितलं त्यानं, म्हणून तर आम्ही सावध झालो, पोरीला सुरीचा त्रास दिला नाही. सून घरी येऊन मला हे कौतुकानं सांगते.

हे सगळं मी आज लिहून काढलं, याचं कुणी फार कौतुक करू नये. कासाराला लिहिता-वाचता येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे.